हात मागे

परवा-परवापर्यंत माझी समजूत होती की तसली नजर जगात एकाच बाईच्या डोळ्यांत असते, आणि ती बाई म्हणजे मी. मागच्या पंधरवड्यात गोडदेव नाक्यावरच्या किराणावाल्याकडे ती मला दुसऱ्या बाईच्या डोळ्यांत दिसली आणि पिशवी हातात धरून मी नुसती उभी राहिले. शालू होती ती. आमच्या एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तिची मुलगी आहे, दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, अजून ओंजळीत मावेल एवढी, आणि सकाळच्या ड्युटीत तिला मीच बघते. शालूला घरी सोडलंय, मुलगी आमच्याकडे काचेच्या पेटीत. अळीव घ्यायला आली असणार. मीच सांगितलं होतं, अळिवाची खीर खा, दूध वाढेल. मी हसले, म्हटलं, "काय गं, मिळाले का अळीव?" तिने वळून बघितलं. आधी तोंडाकडे, मग माझ्या हातांकडे, आणि मग हातांवरून नजर हलवेचना. मी तिचं काहीतरी चोरून आणलंय आणि ते अजून माझ्या मुठीत आहे, असं बघत होती. मग "भैया, रहने दो" म्हणाली आणि अळीव न घेताच निघून गेली. किराणावाला मला विचारतो, "क्या हुआ सिस्टर, झगडा हुआ क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, जान-पहचान है." एवढंच झालं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, ओली बाळंतीण आहे, चिडचिड होते, सोडून दे. मला सोडता येईना. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर घेऊन घरी आले, ओट्यापाशी उभी राहिले, आणि कुकर लावायचा सोडून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत राहिले. कारण त्या नजरेची मालकीण मी होते. इतकी वर्षं सांभाळलेली माझी वस्तू परक्या बाईच्या तोंडावर चढून बसली होती, आणि बघत होती माझ्याकडेच.

मी तशी बघायची ऑड्रे सिस्टरच्या हातांकडे. माझी सान्वी आता सातवीत आहे, न विचारता माझी कानातली घालते, उलट बोलते, पण जन्मली तेव्हा तिच्या दंडात माझी अंगठी सहज चढली असती. याच हॉस्पिटलात, मीरा रोडला. तेव्हा हे एवढं मोठं नव्हतं. मी जेमतेम चोवीसची, रत्नागिरीहून लग्न होऊन आलेली, हिंदीसुद्धा धड बोलता येत नव्हतं. दाराला चौकोनी काच होती, तिच्यातून बघायचं. कधी आत घेतलंच तर पेटीपासून लांब, "इन्फेक्शन होईल, आई, तुम्ही तिकडे थांबा." मी तिकडे थांबायची. हात जोडून थांबायची, गुरवापुढे थांबावं तशी. आणि ऑड्रे सिस्टर, उत्तनची, उंच, सावळी, कोपरापर्यंत उघडे हात, बांगडी नाही की अंगठी नाही, ते दोन हात पेटीच्या गोल झरोक्यांतून आत घालायची आणि माझ्या मुलीची कूस बदलायची. माझ्या! मी तिचा अजून वाससुद्धा घेतला नव्हता. माझं काम काय, तर दूध काढायचं आणि वाटी दारात द्यायची. गवळीण झाले होते मी. सान्वी रडली की तिचा आवाज येत नसे, नळी होती ना, नुसतं तोंड वाकडं व्हायचं. मग ही बाई वाकायची आणि हळूच म्हणायची, "सानू, सानू, सानू." आणि ते वाकडं तोंड सरळ व्हायचं. एकदा मला जवळ जाऊ दिलं तेव्हा मी हाक मारली, "बाळा, मी आई." तर पोरगी अशी दचकली की वरचं यंत्र वाजायला लागलं. ऑड्रे सिस्टरने मला बाजूला केलं, अगदी हळू, खांद्याला धरून. तो हळूपणा मला अजून झोंबतो. ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. बाहेर माझा नवरा नीलेश म्हणतो, "किती प्रेमाने करतात गं त्या सिस्टर, आपलं नशीब." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी न्यायच्या दिवशी त्याने तिला पेढ्यांचा पुडा दिला, आणि तिने सान्वीच्या कपाळावर बोटाने क्रूस काढून तिला माझ्या हातात ठेवलं. परत दिल्यासारखं ठेवलं. उसनी साखर परत देतात ना, तसं.

आणि नाव. आमच्याकडे बारशाला आत्या कानात नाव सांगते. पोर हॉस्पिटलात, म्हणून बारसं लांबलं, तोवर बिनानावाचीच होती. पाटीवर नुसतं माझं नाव आणि पुढे बेबी. मी नाव ठरवून बसले होते, केतकी. माहेरी ओढ्याच्या कडेला केवड्याचं बन आहे, पोटात असल्यापासून मी तिला मनातल्या मनात तीच हाक मारायची. पण माझ्या नणंदेने, मनोरमाताईंनी, दारात उभं राहून ते सानू सानू ऐकलं होतं. पाळण्यात वाकल्या आणि म्हणाल्या, सान्वी. सगळ्या बायका म्हणाल्या, वा, काय गोड, आणि तिला सवयही आहे. सवय! मी पाळण्याची दोरी हातात धरून बसले होते. माझ्या मुलीला दिवसातून शंभरदा हाक मारते मी, आणि प्रत्येक वेळी ती हाक त्या बाईची असते. नीलेशला हे एकदा सांगितलं तर म्हणाला, "तू पण ना, डोक्यात काय काय घेऊन बसतेस." तेव्हापासून मी सांगायचं बंद केलं. सांगितलं नाही की माणूस शहाणा दिसतो.

नर्सिंगला गेले तेव्हा मुलाखतीत मॅडमनी विचारलं होतं, का यायचंय या लाइनला? मी म्हटलं, सेवा करायची आहे. सगळ्याच म्हणतात. सेवा कसली डोंबलाची! मी जळून नर्स झाले. मला त्या झरोक्यांतून हात घालायचे होते. सान्वी शाळेत जायला लागली आणि मी जीएनएमला, नर्सिंगच्या डिप्लोमाला, नाव घातलं. बारावी आर्ट्स होते, वयात अजून बसत होते, नीलेशच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या लोकांनी त्याला चिडवलं, बायको शाळेत जातेय म्हणून. वर्गातल्या पोरी मला काकू म्हणायच्या. हाडांची इंग्रजी नावं भाकऱ्या थापता थापता पाठ केली, एक एक भाकरी एक एक हाड. मग कौन्सिलमध्ये नाव लागलं, रजिस्टर्ड झाले, वाटलं आता झालं. कुठलं काय! लहान बाळांकडे सोडतच नाहीत. आधी जनरल वॉर्ड. म्हाताऱ्यांच्या पाठी पुसल्या, लघवीच्या पिशव्या रिकाम्या केल्या. तिथला अनुभव दाखवल्यावर मग हा कोर्स, नवजात बाळांचा, आणखी एक पूर्ण वर्ष. दुसरीकडेही मिळत होता, बोरिवलीला. मी इथेच घेतला. का घेतला ते काय सांगायला हवं? ऑड्रे सिस्टर आता इथली इन्चार्ज आहे आणि आम्हाला शिकवते तीच.

तिने मला ओळखलं नाही. पहिल्या दिवशी नळापाशी रांगेत उभं केलं आणि म्हणाली, "कोपराखाली काय नको. बांगड्या काढा, नखा कापा, मंगळसूत्र कपड्याच्या आत. ज्याला कोपराखाली नवरा पायजे त्याने घरी जावं." पोरी हसल्या. मी बांगड्या काढल्या, नळाखाली हात धरले, आणि मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. उघडे हात! माझे! मग मी शिकत सुटले. रबरी बाहुलीच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबायचा, छाती उचलली तरच श्वास गेला, जास्त दाबला तर फुप्फुस फाटतं. मी तो दाब घरी उशीवर, कणकेच्या गोळ्यावर, दुधाच्या पिशवीवर करून बघायची. नळी नाकापासून कानापर्यंत आणि तिथून पोटाकडे मोजायची, तर मी सान्वीच्या जुन्या बाहुल्यांना दोऱ्याने मोजत बसायची. औषधाचं गणित मला येईना, मिलीलीटरचा दहावा भाग, त्याचाही भाग, तर सान्वीने मला दशांश चिन्ह शिकवलं, "आई, टिंब एक घर सरकलं की बाळ मरेल ना?" म्हणाली. मी म्हटलं, "हो. म्हणून नीट शिकव." आणि हळूहळू माझे हात चांगले झाले. खोटं कशाला बोलू, उत्तम झाले. बाकीच्या पोरींना शीर मिळत नाही तिथे मला मिळते. बाळ माझ्या हातात कळवळत नाही. हे सगळं मी एका बाईने बघावं म्हणून करत होते, आणि ती बाई "गुड" म्हणून पुढच्या पेटीकडे जायची. आमच्यातली मेगन आहे ना, तीही उत्तनचीच, पोरगेलीशी, तिच्या खांद्यावर मात्र हात ठेवायची. मेगनला तिने दिलेलं बाळ, मेगनला तिने शिकवायला दिलेली आई, सगळं मला खुपायचं. कोर्स संपल्यावर आमच्यातली एकच या युनिटमध्ये ठेवणार होते. ती जागा माझी होती. निदान माझ्या डोक्यात तरी होती.

शालू भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर आले तर ऑड्रे सिस्टर माझ्याच पेटीपाशी उभी. बाळाचं वजन बघितलं, कागदावरचे आकडे बघितले. "बाळ चांगला हाय तुझा," म्हणाली. मी फुगले. मग म्हणाली, "तुजी आय कुठे हाय?" मला कळेचना. "शालू. हिची आय. तिला काय येते?" मी म्हटलं, "सिस्टर, ती घाबरते. तिचं काम मीच करते, म्हणजे बाळाला त्रास नको." "मेगनची आय नळीने दूध घालते. बाळाला छातीवर बांधते. तुजी आय दारात उभी ऱ्हाते." आवाज चढवला नाही तिने. "शैला, पुढच्या हप्त्यात इंटर्नल परीक्षा हाय. तुला म्हायती हाय ना कशी असते? तू हात मागे बांधून उभी ऱ्हायची. आयने सगला करायचा. तू फकस्त बोलायची. बाळाला मार्क न्हाय देत मी. आयला देते." हे मला माहीत होतं, वर्गात सांगितलं होतं, या युनिटचा नियमच तो, बाळ घरी गेल्यावर नर्स जात नाही ना बरोबर. पण मला वाटायचं माझे हात बघितल्यावर कोण कशाला आईचं विचारेल. मान खाली घालून उभी राहिले आणि मनात एकच, माझ्या वेळी कुठे गेला होता हा नियम? माझ्या वेळी मला कुणी नळी धरायला दिली होती? माझं तोंड सुटलं. चहाच्या वेळी चेंजिंग रूममध्ये ती एकटी होती, बिस्कीट बुडवत होती, आणि मी दारातच म्हटलं, "सिस्टर, माझी मुलगी तुमच्याच हाताखाली होती. सान्वी. तुम्ही तिला सानू म्हणायच्या. कपाळावर क्रूस काढला होता." बिस्कीट चहात पडलं तिचं. तिने खरंच आठवायचा प्रयत्न केला, तो मला दिसला, आणि तेच वाईट होतं. "कवा गो?" म्हणाली. मी साल सांगितलं. तिने मान हलवली. "सगल्यांनाच सानू बोलायची मी तवा. सानू म्हंजे बारकी. किती पोरा, बाय, कुनाकुनाची नावा ध्यानात ठेवू?" मग हसून विचारलं, "बरी हाय ना पोर?" मी म्हटलं, "सातवीत आहे." "बेस झाला," म्हणाली आणि चमच्याने बिस्कीट काढायला लागली.

दुसरी असती तर तिथेच मोकळी झाली असती. म्हणाली असती, बघ बाई, तुला वाटलं तसं काही नव्हतंच. मी दुप्पट जळले. इतकी वर्षं सवत समजून जिच्याशी मनात भांडले, तिला आपण सवत आहोत याचा पत्ताच नाही! माझ्या मुलीचं नाव म्हणजे तिने सगळ्यांना सरसकट वाटलेली एकच हाक होती. त्या दिवशी रिक्षात बसले, वरसाव्याकडून येणाऱ्या ट्रकांनी रस्ता तुंबवला होता, रिक्षावाला शिव्या देत होता, आणि मी हिशेब करत होते की आता माझ्याकडे काय उरलं. ऑड्रे सिस्टरला हरवायचं, तर तिला खेळतोय हेच ठाऊक नाही. मग उरली जागा. ती घ्यायची. आणि ती जागा होती शालूच्या हातांत, म्हणजे जी माझ्याकडे बघून अळीव टाकून निघून गेली तिच्या.

मी शालूला आत घेतलं. नळापाशी नेलं, कोपरापर्यंत धुवायला लावलं. तिचे हात बघितले मी. हाटकेशला खोट्या दागिन्यांच्या युनिटमध्ये खडे चिकटवते ती, बोटांची टोकं डिंकाने आणि उष्णतेने घट्टे पडून चकचकीत झालेली. "खरखरीत आहेत," ती म्हणाली, "तिला टोचतील." मी म्हटलं, "टोचत नाहीत. आईचे आहेत." हे मी पुस्तकातलं वाक्य बोलले. ती नळ चालू ठेवून माझ्याकडे वळली. "केतू कोण?" मी म्हटलं, "काय?" "मला दारातून ऐकू येतं, सिस्टर. तुम्ही माझ्या मुलीला केतू बोलता. आमच्यात अजून बारसं नाय झालं. हात लावू देत नाय ते ठीक आहे, पण नाव पण तुम्हीच ठेवणार काय?" मी म्हणत होते? मी खरंच म्हणत होते. कूस बदलताना, दूध घालताना, इतक्या दिवसांत किती वेळा म्हटलं असेल, मला ऐकूच आलं नव्हतं. माझं राखून ठेवलेलं नाव मी दुसरीच्या पोरीला घालून मोकळी झाले होते आणि ती दारात उभी राहून ऐकत होती. सुईणीपुढे पोट लपत नाही म्हणतात. इथे बाळंतिणीपुढे सुईण उघडी पडली. माफी मागायला हवी होती. मागितली नाही मी. म्हटलं, "सवय लागते. नळ बंद कर, पाणी वाया जातंय." आणि तिला आत नेलं.

शिकवलं मी तिला. चांगलं शिकवलं, कारण मला जागा हवी होती. नळीत दूध ओतायचं नसतं, सोडायचं असतं, आपोआप उतरू द्यायचं. वाटी-चमच्याने पाजताना ओठाच्या कडेला लावून थांबायचं. बाळाला उघडं, फक्त लंगोट, टोपी, मोजे, असं छातीवर उभं धरायचं, बेडकासारखे पाय दुमडून, आणि वरून कापड बांधायचं. पहिल्यांदा बांधलं तेव्हा शालू श्वास रोखून बसली होती. मी म्हटलं, "तू श्वास घे, मग तीही घेईल." तिने घेतला. आणि यंत्रावरचे आकडे, जे पोर माझ्या हातात असताना वर-खाली व्हायचे, ते असे स्थिर झाले की मी दोनदा तार तपासली. पोरीने गाल शालूच्या छातीवर टेकला आणि तोंड उघडं टाकून झोपली. माझ्याकडे इतके दिवस एकदाही अशी झोपली नव्हती. शालू रडत होती, हसत होती, "सिस्टर, गरम आहे ती, किती गरम आहे." मी म्हटलं, "हो." मला हे कुणी दिलं नव्हतं. हिला मी देत होते, माझ्या हाताने देत होते, आणि ही मला केतू कोण विचारते. तेव्हाच मी ठरवलं की एक गोष्ट हिला सांगायची नाही. अपुऱ्या दिवसांची बाळं कधी कधी श्वास घ्यायला विसरतात. विसरतात म्हणजे विसरतातच, पडून राहतात, निळी पडायला लागतात. घाबरायचं नसतं, तळपायावर बोटाने टिचकी द्यायची, पाठ चोळायची, की आठवतं त्यांना. आई शिकते त्यात हे असतंच. मी म्हटलं, परीक्षेत कशाला होईल तसं, आणि झालंच तर मी आहे ना. माझा हात तरी लागू दे तेव्हा. इतकं सगळं घेतलंस, एवढं माझ्याकडे राहू दे. रोज सकाळी वाटायचं आज सांगावं, आणि रोज ती पोरीला छातीवर घेऊन डोळे मिटायची आणि मी सांगायची नाही.

परीक्षेच्या दिवशी ऑड्रे सिस्टर खुर्ची घेऊन बसली, मेगन आणि बाकीच्या मागे भिंतीपाशी. मी हात मागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. शालूने हात धुतले, नळी तपासली, दूध सोडलं, थांबली, पुन्हा सोडलं. मी सांगायच्या आधीच करत होती. मला बोलायला फारसं शिल्लकच नव्हतं. मग बाळ छातीवर घेतलं, कापड बांधलं. ऑड्रे सिस्टरने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि ती मान हलवलेली मला दिसली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी हललेली. आणि यंत्र वाजलं. आकडे उतरायला लागले. बाळाची पाठ हलत नव्हती. माझे हात आपोआप सुटले आणि मी पुढे झाले, हिला काय माहीत, मी सांगितलंच नव्हतं, आणि शालूने कोपराने मला ढकललं. चांगलं ढकललं, मी ट्रॉलीवर आदळले. कापडात हात घालून तिने पोरीचा तळपाय शोधला, घट्टे पडलेल्या बोटाने टिचकी दिली, एक, मग आणखी एक, मग पाठ चोळली, वरून खाली, वरून खाली, "ए, ए, घे, घे गं, घे," आणि पोरीने आचका देऊन श्वास घेतला. आकडे चढले. ऑड्रे सिस्टर उठून आली, बाळाचा रंग बघितला, शालूच्या गालावर हात ठेवला. "शाबास गो. हे कुनी शिकवला?"

शालूने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं मी शिकवलं नव्हतं. का नव्हतं शिकवलं तेही तिला त्या क्षणी कळलं असावं, डोळे तसे झाले तिचे. आणि ती म्हणाली, "सिस्टरनीच शिकवलं. यांनी." ऑड्रे सिस्टरने पेन उघडलं. मला फक्त गप्प बसायचं होतं. जागा माझी होत होती. पण हिचे उपकार? माझ्यावर? मी जिला लुटलं तिने मला दान द्यायचं आणि मी ते पदरात घेऊन आयुष्यभर या युनिटमध्ये हिंडायचं? ते मला सहन होईना. चांगुलपणा वगैरे काही नाही, मला नुसतं सहन होईना. मी म्हटलं, "खोटं बोलतेय ती. हे मी नाही शिकवलं." "मग?" ऑड्रे सिस्टर शालूकडे वळली. शालू खाली बघून म्हणाली, "दारातून बघितलं. या करायच्या ते." "आणि तू शिकवला का न्हाय?" मी म्हटलं, "मुद्दाम." एवढाच शब्द आला. मागे कुणीतरी अगं बाई म्हणालं. ऑड्रे सिस्टर माझ्याकडे बघत होती. आता तरी तिला मी आठवेन, मी विसरता न येणारी झाले, असा एक भलता विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. मग तिने पेन बंद केलं. "तुजी परीक्षा परत होईल. दुसरी आय, दुसरा बाळ. या बॅचमध्ये न्हाय." म्हणजे जागा मेगनची. मी म्हटलं, "हो, सिस्टर." ती पोरींना घेऊन पुढच्या पेटीकडे गेली. मेगन जाताना माझ्याकडे बघू शकली नाही.

आम्ही दोघीच उरलो. शालूचे दोन्ही हात कापडावर, पोरीला धरून. बाहेर जायच्या आधी मी सरकलेली ट्रॉली जागेवर लावत होते. "सिस्टर," ती म्हणाली. मला वाटलं आता शिव्या देणार, देऊ दे. "टोपी सरकलीय तिची. माझे हात गुंतलेत. नीट करता?" मी नळापाशी गेले, कोपरापर्यंत हात धुतले, परत आले आणि वाकले. इतक्या जवळून शालूच्या अंगाला दुधाचा आणि घामाचा वास येत होता. पोरीने डोळे अर्धे उघडले, माझ्या बोटापाशी थांबले नाहीत ते, वर आईच्या हनुवटीकडे गेले. माझा जळफळाट झाला, अगदी मुळापासून झाला. टोपी मात्र मी नीट बसवली, दोन्ही कान झाकून.